अंतराळवीराच्या पिशवीत काय मावतं?

बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून 20.5 सेंटीमीटर लांब, 12.8 रुंद आणि 5.1 उंच अशी डबी करा. स्पेस शटलच्या काळात नासा अंतराळवीरांना घरच्या आठवणींसाठी एवढीच पिशवी देत असे. तिचं नाव पर्सनल प्रेफरन्स किट, बोलण्यात पीपीके. आत जास्तीत जास्त 20 वस्तू आणि सगळ्यांचं मिळून वजन साधारण 680 ग्रॅम. ठाण्या-नवी मुंबईतल्या शाळांनी विज्ञान मंडळात अशी डबी भरण्याचा खेळ जरूर घ्यावा. लागतो फक्त स्वयंपाकघरातला वजनकाटा.

मुलं पहिल्यांदा मूर्ती निवडणार. जांभळी नाक्याच्या बाजारात मिळणारी भरीव पितळेची गणेशमूर्ती घ्या. पितळ घन सेंटीमीटरला साधारण 8.5 ग्रॅम भरतं, म्हणजे लाडवाएवढ्या भरीव पितळात 680 ग्रॅम संपले. डबीची जागा सुमारे 1,340 घन सेंटीमीटर, त्यातले 80 भरले, बाकी सगळी रिकामी. पैठणीचं उलट. तिची घडी आत कोंबली की झाकणच बसत नाही, तेव्हा पदराचा वीतभर तुकडा घ्यावा. सुनीता विल्यम्स 2006 मध्ये गणेशमूर्ती आणि भगवद्गीता घेऊन गेल्या, पण मूर्ती छोटी होती.

आता खरं सांगायचं तर उड्डाणाच्या वेळी सुमारे 20 लाख किलो वजनाच्या शटलला आणखी पावशेर जड नव्हतं. मर्यादा असते ती शिस्तीसाठी. वस्तू अडते ती दुसऱ्याच कारणांवर, आणि त्यातलं पहिलं आग. 27 जानेवारी 1967 रोजी अपोलो 1 च्या चाचणीत शुद्ध ऑक्सिजनने भरलेल्या यानात ठिणगी पडली, आतलं नायलॉन आणि वेलक्रो क्षणात पेटलं आणि तिघे अंतराळवीर गेले. तेव्हापासून यानात जाणारा प्रत्येक पदार्थ किती सहज पेटतो याचा हिशेब ठेवला जातो. आजच्या अंतराळ स्थानकात हवा आपल्यासारखीच, 21 टक्के ऑक्सिजनची असते. पण धूर निघाला तर खिडकी उघडायची सोय नाही.

दुसरी अडचण वासाची. नवं रबरी खेळणं, अत्तराची कुपी, लॅमिनेट केलेला फोटो यांतून सूक्ष्म प्रमाणात वायू सुटत राहतात. घरात ते वाऱ्यावर जातात, स्थानकात तीच हवा गाळून पुन्हा पुन्हा श्वासात येते. म्हणून नासाच्या एका ठरलेल्या चाचणीत वस्तू बंद भांड्यात 49 अंश सेल्सिअसला 72 तास ठेवतात आणि मग भांड्यातली हवा तपासतात. भावना कितीही पवित्र असोत, ही चाचणी चुकत नाही.

तिसरा शत्रू भुगा. मार्च 1965 मध्ये जेमिनी 3 यानात जॉन यंग यांनी खिशातून सँडविच काढलं, तुकडे तरंगू लागले आणि ते लगेच परत खिशात गेलं. पुढे या प्रकरणाची चर्चा अमेरिकी संसदेपर्यंत पोचली. वजनरहित अवस्थेत कण खाली बसत नाहीत. ते डोळ्यांत जातात, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याबरोबर हवा ओढणाऱ्या जाळीवर जाऊन अडकतात. स्थानकात हरवलेली वस्तूही बऱ्याचदा तिथेच सापडते. त्यामुळे चिवडा, फरसाण, अंगारा बाद. चिकट पदार्थ मात्र चमच्याला धरून राहतो. शुभांशु शुक्ला 2025 मध्ये गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस घेऊन गेले, ते शास्त्रालाही धरूनच झालं. तिळगूळ न्यायचा असेल तर गुळाचा पाक नीट धरलेली, एका घासाची वडी करावी. हलव्याचे दाणे नकोत.

एखादी वस्तू मात्र मुद्दाम तरंगण्यासाठीच नेतात. रशियाच्या सोयुझ यानात अंतराळवीरांसमोर दोरीने एक बाहुली टांगलेली असते. इंजिन जोर लावत असतं तोवर दोरी ताठ, आणि उड्डाणानंतर साधारण नऊ मिनिटांनी इंजिन थांबलं की बाहुली सैल होऊन तरंगते. गुरुत्वाकर्षण संपलं असं इथे बरेच जण समजतात. प्रत्यक्षात 400 किलोमीटर उंचीवर ते जमिनीच्या जवळजवळ 90 टक्के असतं. यान, माणसं आणि बाहुली एकाच वेगाने पडत असतात, इतकंच. शुक्लांच्या यानात या कामाला ‘जॉय’ नावाचा खेळण्यातला हंस होता.

अंतराळवीर स्टुअर्ट रूसा यांनी 1971 मध्ये अपोलो 14 मधून झाडांच्या सुमारे 500 बिया नेल्या. परतल्यावर निर्जंतुकीकरणाच्या वेळी त्यांच्या पिशव्या फुटल्या, पाचही जातींच्या बिया एकत्र झाल्या आणि मेल्या असं वाटलं. तरी बहुतेक रुजल्या. त्याच वर्षी अपोलो 15 च्या चमूने मंजुरीशिवाय 398 टपाल पाकिटं चंद्रावर नेली, त्यातली शंभर जर्मनीतल्या तिकीट व्यापाऱ्याकडे गेली. बोभाटा झाला, ठपका बसला आणि तिघांपैकी कोणीही पुन्हा अंतराळात गेलं नाही. म्हणून यादी आधी मंजूर करून घ्यावी लागते आणि विकण्यासाठी काही नेता येत नाही. आमच्या मते हा नियम आगीच्या नियमाइतकाच शहाणपणाचा आहे.

ज्यांची पाळी येणार नाही त्यांनाही एक वाट आहे. मंगळावर 2021 मध्ये उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीवर नखाएवढ्या तीन सिलिकॉन चिप आहेत. त्यांवर इलेक्ट्रॉन झोताने 1,09,32,295 लोकांची नावं कोरली आहेत. अशी नोंदणी नासा अधूनमधून जाहीर करते, नाव भरलं की छापून घ्यायला बोर्डिंग पासही देते. त्यासाठी पैसे लागत नाहीत. कोणी मागितले, तर ती नासा नव्हे.