पार्श्वभूमी : दगडीपाल्याची परीक्षा

सोलापुरात भुईकोट किल्ल्याच्या आसपास, रुळांच्या कडेला, ज्वारीच्या रानातल्या बांधावर, जिथं दुसरं काही तग धरत नाही तिथं दगडीपाला हमखास दिसतो. जमिनीलगत पसरलेली खरखरीत, कातरल्यासारखी पानं आणि त्यांतून सरळ वर निघालेला वीतभर दांडा. टोकाला एकच फूल, मध्ये पिवळं, कडेला फिकट पाकळ्या आणि पाकळीच्या टोकाला तीन दाते. या दांड्यावरूनच त्याला एकदांडीही म्हणतात. खेळताना गुडघा फुटला की आम्ही पोरं हाच पाला तळहातावर चोळायचो आणि हिरवा रस जखमेवर पिळायचो. क्षणभर चरचरायचं, मग रक्त थांबायचं.

इतकी घरची वाटणारी ही वनस्पती चरक-सुश्रुतांना मात्र ठाऊक नव्हती, कारण ती मूळची इथली नाहीच. ती उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतली. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये तिला ‘ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स’ हे नाव दिलं, तेव्हा तिचं ठिकाण मेक्सिकोतलं व्हेराक्रूझ असं नोंदवलं होतं. केसाळ बी वाऱ्यावर उडतं, त्यामुळे एकदा आलेलं झाड पसरायला वेळ लागत नाही. म्हणजे ग्रंथाचा आधार नसताना कुणीतरी हा परका पाला पहिल्यांदा जखमेवर लावून पाहिला, गुण आला म्हणून शेजाऱ्याला सांगितलं, आणि ते गावोगाव रुजलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. या पाल्याची पहिली परीक्षा लोकांनीच घेतली.

लोकांच्या अनुभवापासून औषधाच्या गोळीपर्यंतचा रस्ता आपल्याकडे पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो सर्पगंधेच्या बाबतीत. १९३१ मध्ये सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी दिल्लीत तिच्या मुळांतून अजमलीन हे औषधी द्रव्य वेगळं केलं. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर या मुळीचा उपयोग होतो, असं लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रक्तदाबाच्या रुग्णांवरचे निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात छापले, आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत याच मुळीतलं रक्तदाब उतरवणारं द्रव्य, रेसर्पिन, हाती लागलं. जुनी मुळी आता मिलिग्रॅममध्ये मोजता येऊ लागली.

हळदीच्या खटल्यानं दुसरी बाजू दाखवली. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. जुने लेखी पुरावे होते म्हणून हे जमलं. दगडीपाल्याला तो जुना ग्रंथ नाही, म्हणून त्याच्यावरचं नवं, नीट नोंदवलेलं काम जास्तच गरजेचं.

ते काम सुरू होऊन चाळीस वर्षं उलटली. जखम भरण्यावर या पाल्याचा काय परिणाम होतो, याचा निबंध १९८२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आला. पुढं स्टेरॉइड दिलेल्या प्राण्यांवरही तो तपासला गेला. स्टेरॉइडनं जखम भरणं मंदावतं. पाल्यामुळे नवी त्वचा धरण्यातला आणि जखमेच्या बळकटीतला अडथळा कमी झाला, पण जखम आकसण्यातला अडथळा तसाच राहिला. हे अर्धं यश मला फार खरं वाटतं. २००१ मध्ये या झाडातून प्रोकम्बेनेटिन नावाचं फ्लॅव्होनॉइड, म्हणजे वनस्पतींत आढळणाऱ्या एका गटातलं रसायन, वेगळं केलं गेलं.

विद्यार्थी आज ज्या चाचण्या करतात त्या डोळ्यांनी पाहण्यासारख्या असतात. पाला सावलीत वाळवायचा, दळायचा, मिथेनॉलमध्ये अर्क काढायचा. फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले की टॅनिन (तुरट चवीचा घटक) असल्यास रंग निळसर-काळा किंवा हिरवट होतो. अर्क पाण्यात हलवला आणि फेस टिकला, तर सॅपोनिन, म्हणजे साबणासारखा फेसाळणारा घटक. डीपीपीएच या रसायनाचं गर्द जांभळं द्रावण, अर्कात अँटिऑक्सिडंट घटक असतील तर, हळूहळू पिवळं पडतं, तो क्षण पहिल्यांदा पाहणारं पोर हरखून जातं. मग जिवाणूंच्या थाळीत अर्काभोवती जिवाणू न वाढलेलं मोकळं वर्तुळ पडलं, तर पट्टी लावून ते मिलिमीटरमध्ये मोजायचं.

बहुतेक प्रकल्प इथंच थांबतात, आणि माझी तळमळ इथंच आहे. थाळीत जंतू मारणारा अर्क माणसाच्या जखमेत तसाच वागेल असं नाही, कारण जंतू तर ब्लीचनंही मरतात. शिवाय आपल्या कोरड्या रानातला पाला आणि कोकणातला पाला यांत घटकांचं प्रमाण सारखं असेलच असं नाही. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात गोळा केलेल्या पाल्याचंही तेच. माक्याशी गल्लत होते ती वेगळीच. म्हणून फुलासकट दाबून वाळवलेला नमुना, त्यावर जागा आणि तारीख, हे पहिल्या दिवसापासून हवं. मग नेमका घटक, त्याची मात्रा, विषारीपणाची तपासणी आणि शेवटी माणसांवरच्या रीतसर चाचण्या.

तोवर पोराचा गुडघा फुटला तर आधी स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते पाहा. पाल्यावर रस्त्याची माती असते, ती रसाबरोबर जखमेत जाते.