मेंदूतील अर्बुदे आणि जनुक-नियमन

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत प्रथिने बनवणारी सुमारे २०,००० जनुके सारखीच असतात. चेतापेशी चेतापेशीसारखी का वागते आणि यकृतपेशी तशी का वागत नाही, हे कोणती जनुके चालू आहेत आणि कोणती बंद, यावर ठरते. हे ठरवणारी यंत्रणा म्हणजे जनुक-नियमन. मेंदूतील अनेक अर्बुदांच्या, म्हणजे गाठींच्या, मुळाशी या यंत्रणेतला बिघाड असतो. लहान मुलांच्या काही गाठींत तर डीएनएमधले बदल मोजकेच सापडतात, तरीही गाठ झपाट्याने वाढते.

नियमनातल्या बिघाडाचे सर्वांत बोलके उदाहरण आयडीएच१ या जनुकाचे आहे. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूतल्या आक्रमक गाठीच्या अभ्यासात २००८ साली त्यातले उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएमधला बदल, प्रथम लक्षात आले. हे जनुक चयापचयातले एक साधे विकर (एन्झाइम) बनवते, त्यामुळे त्याचा कर्करोगाशी काय संबंध, असा प्रश्न साहजिक होता. उत्तर पुढच्याच वर्षी मिळाले. १३२ व्या जागी अर्जिनिनऐवजी दुसरे अमिनो आम्ल आले, की हे विकर २-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचे संयुग तयार करू लागते. डीएनए आणि तो ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर मेथिल गट नावाच्या छोट्या रासायनिक खुणा असतात; त्या काढणाऱ्या विकरांना हे संयुग अडवते. परिणामी मेथिल गट साचत जातात.

यातून वाढ कशी सुरू होते, हे २०१६ मध्ये उलगडले. गुणसूत्रावर शेजारच्या जनुकांचे विभाग वेगळे ठेवणारी सीटीसीएफ प्रथिनाची कुंपणे असतात. डीएनएवर मेथिल गट बसला की हे प्रथिन तिथे चिकटत नाही आणि कुंपण मोडते. मग पीडीजीएफआरए हे वाढीचा संकेत स्वीकारणारे जनुक पलीकडच्या विभागातल्या वर्धकाच्या, म्हणजे जनुकाचे काम वाढवणाऱ्या डीएनए-तुकड्याच्या, प्रभावाखाली येते आणि जोरात चालू होते. पीडीजीएफआरएमध्ये स्वतःत एका अक्षराचाही फरक नसतो. म्हणूनच फक्त बिघडलेली जनुके शोधत बसले तर या रोगाचे अर्धेच चित्र हाती लागते.

मुलांच्या मस्तिष्कस्तंभात होणाऱ्या ग्लायोमात (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींसारख्या पेशींच्या गाठीत) बिघाड हिस्टोनमध्ये असतो. हिस्टोनांपैकी एच३ च्या २७ व्या जागी लायसिनऐवजी मिथिओनिन येते. हा शोध २०१२ चा. एच३ बनवणाऱ्या डझनाहून अधिक जनुकांपैकी एकाच्याच एका प्रतीत बदल झालेला असतो, तरी जनुके मिटवून ठेवणारी मेथिल-खूण जवळजवळ सगळ्या जनुकसंचातून ओसरते, कारण बदललेला हिस्टोन ती खूण उमटवणाऱ्या पीआरसी२ या विकरसंकुलाचे काम रोखतो. पेशी अपक्व अवस्थेतच अडकतात आणि विभागत राहतात. श्वसनासारखी कार्ये चालवणाऱ्या भागात ही गाठ पसरलेली असल्याने ती कापून काढता येत नाही. पश्चमेंदूतल्या एपेन्डिमोमा या गाठीच्या एका प्रकारात हाच परिणाम बहुधा उत्परिवर्तनाविनाच घडतो: ईझेडएचआयपी हे प्रथिन अवेळी तयार होते आणि बदललेल्या हिस्टोनची नक्कल करून पीआरसी२ ला रोखते.

प्रौढांच्या ग्लायोब्लास्टोमात टर्ट जनुकाच्या प्रवर्तकातला (जनुक चालू करणाऱ्या डीएनए-भागातला) एका अक्षराचा बदल वारंवार आढळतो. त्यामुळे नियामक प्रथिनाला चिकटायला नवी जागा मिळते, गुणसूत्रांची टोके झिजू न देणारे टेलोमरेज हे विकर चालू होते आणि पेशीच्या विभाजनांना मर्यादा उरत नाही.

नियमनातला बदल क्वचित रुग्णाच्या बाजूनेही झुकतो. टेमोझोलोमाइड हे औषध गाठीच्या डीएनएला जी इजा करते, ती एमजीएमटी प्रथिन दुरुस्त करून टाकते. या जनुकाचा प्रवर्तक मेथिल गटांनी बंद झालेला असेल, तर दुरुस्ती होत नाही आणि औषध अधिक परिणामकारक ठरते. २००५ पासून हे ज्ञात असून उपचार ठरवताना ही चाचणी केली जाते.

बदललेल्या आयडीएच विकराला रोखणाऱ्या व्होरासिडेनिब या औषधाला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. निदानाची पद्धतही बदलली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार आयडीएच-उत्परिवर्तित गाठीला आता ग्लायोब्लास्टोमा म्हणत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही गाठी सारख्या दिसल्या तरी आयडीएच-उत्परिवर्तित गाठीचे रुग्ण सहसा बरेच अधिक काळ जगतात. निदान अवघड असते तेव्हा शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यातील डीएनएवर मेथिल गट कुठे कुठे आहेत, ते तपासून गाठीचा प्रकार ठरवला जातो.