जुनं मॅग व्हील घेताय? आधी टायर उतरवून बघा

थार, जिम्नी, जिप्सीसाठी जुनी ऑफ-रोड मॅग व्हील (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं) बघायला आमच्याकडे येणारे बहुतेक जण आधी पुढची बाजू बघतात. चकाकी आहे का, ओरखडे किती. ओरखड्यांनी काही अडत नाही. खरं दुखणं मागे असतं. दगडधोंड्यांतून जाताना टायरची हवा कमी केलेली असते, त्यामुळे दणका थेट रिमच्या कडेला बसतो. त्यातही आतली कड आधी वाकते, कारण तिला स्पोकचा आधार नसतो. टायर चढवलेला असला की ही जागा निम्मी झाकली जाते. म्हणून आमच्याकडे घ्या नाहीतर दुसरीकडे, टायर उतरवून दाखवायला सांगा. विकणारा कां-कूं करू लागला तर तिथूनच परत फिरा.

रिम पुसून घ्या आणि मोबाईलचा टॉर्च आडवा धरून गोल फिरवा. केसासारखी तड सापडते ती आतल्या कडेला, स्पोकच्या मुळाशी, नाहीतर नटाच्या भोकांभोवती. शंका आली तर तड शोधायचा लाल डाय (भेगेत शिरणारा रंग) लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पुसायचं आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. तड असेल तिथे लाल रेघ उमटते. ठोकून आवाजावरून तड ओळखणारे भेटतील. आमचा त्यावर विश्वास नाही. नवीकोरी पावडर कोटिंग (भट्टीत पक्का केलेला रंग) दिसली तर दुप्पट बारकाईने बघा, तिच्याखाली तड झाकलेली असू शकते.

वेल्डिंग केलेलं व्हील आम्ही ठेवतच नाही. वेल्डिंगच्या आचेने शेजारचं ॲल्युमिनियम मऊ पडतं, वरून कितीही घासून चकचकीत केलं तरी.

समुद्रकिनारी फिरलेल्या गाडीच्या व्हीलवर, टायर टेकतो त्या जागी, पांढरी पूड धरते. घासून जागा सपाट झाली तर ठीक. खड्डे राहिले तर हवा सतत उतरत राहणार.

‘१३९.७ चं आहे, बसेल’ एवढ्यावर विसंबू नका. हा नटाच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. जिम्नीला त्या मापावर ५ नट, २०२० पासूनच्या थारला ६. मधलं भोक आणि ऑफसेटही (व्हील गाडीला टेकतं ती जागा रुंदीच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते) जुळायला हवा. व्हीलच्या मागे कोरलेला कमाल भार गुणिले ४ हा आकडा गाडीच्या भरलेल्या वजनापेक्षा जास्त हवा.

येताना गाडीचा एक नट सोबत आणा. कोनाचा की गोल बुडाचा, ते भोकात बसवूनच कळतं. टायर उतरवून, मशीनवर फिरवून व्हील डुगडुगतं का ते आम्ही तुमच्यासमोर दाखवतो. व्हील घेतलं नाहीत तरी त्याचे पैसे नाहीत.