चुकलेलं पाऊल

मुलुंड सोडलं आणि लेडीज डब्यात चौथ्या सीटवरची मी उठले. समोर उभ्या असलेल्या बाईंना म्हटलं, "बसा ना. अशा दिवसांत उभं राहू नये." त्यांनी ओढणी पोटावर ओढली. "तसं काही नाहीये हो." तेवढ्यात जागा तिसरीनेच घेतली. आम्ही दोघी दादरपर्यंत खांद्याला खांदा लावून उभ्या.

इंग्रजीत याला 'फो पा' म्हणतात. शब्द मूळ फ्रेंच. 'फो' म्हणजे चुकीचं, 'पा' म्हणजे पाऊल. सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला, तेव्हा बाईच्या 'घसरण्या'लाही तोच शब्द होता, अगदी आपल्या 'वाकडं पाऊल'सारखा. पुढे तो मवाळ झाला आणि चारचौघांत नकळत होणाऱ्या चुकीपुरता उरला. आपण अशा वेळी 'फजिती' म्हणतो. ती अरबीतून, फारसीच्या वाटेने आलेली; मूळ अर्थ बेअब्रू. शब्द ठसकेबाज आहे, मला आवडतो. पण फजिती झाली ती माझी. त्या बाईंना जे लागलं, ते तिच्यात मावत नाही.

मानसशास्त्रज्ञांनी 'फो पा' उचलला तो या दुसऱ्या बाजूसाठी. सायमन बॅरन-कोहेन आणि व्हॅलेरी स्टोन यांनी 1990च्या दशकात त्यावर चाचणीच बेतली. गोष्ट छोटीशी असते: मैत्रिणीने नव्या घरात नुकतेच पडदे लावलेत आणि पाहुणी म्हणते, "हे पडदे भयंकर आहेत, बदलून टाक." मग प्रश्न. कुणी बोलू नये ते बोललं का? पडदे नवे आहेत हे तिला ठाऊक होतं का? मैत्रिणीला काय वाटलं असेल?

उत्तरासाठी दोन मनं एकाच वेळी धरावी लागतात, एकाचं अजाणतेपण आणि दुसऱ्याचं दुखावणं. दुसऱ्याची समजूत चुकीची असू शकते, हे मुलांना साधारण चौथ्या वर्षी उमगतं. ही चाचणी मात्र नऊ ते अकराव्या वर्षी जमू लागते. डोळ्यांच्या खोबणीवरच्या मेंदूच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झालेले काही रुग्ण सोप्या चाचण्या पार करून इथेच अडले.

दादर आलं. दाराशी रेटारेटी सुरू झाली, तेव्हा त्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "कुर्ता सैल आहे ना माझा. कुणालाही वाटेल."