ट्रिपल आयआर डिटेक्टर म्हणजे ‘तीनपैकी दोन’ मतदान नव्हे

भोसरी-चाकणच्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये क्वेंच तेलाच्या (तापलेला धातू बुडवून थंड करण्याच्या तेलाच्या) टाकीवर ट्रिपल आयआर फ्लेम डिटेक्टर, म्हणजे तीन अवरक्त (इन्फ्रारेड) सेन्सरांनी ज्वाळा ओळखणारं यंत्र, बसवला की हमखास ऐकू येतं, ‘आत तीन सेन्सर आहेत, एक गेला तरी दोन आहेतच.’ हा समज धोक्याचा आहे.

ते तीन सेन्सर एकमेकांचे बदली नाहीत. मुख्य सेन्सर ४.४ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास बघतो. जळत्या तेलातला तप्त कार्बन डायऑक्साइड तिथे ठळक दिसतो. उरलेले दोन शेजारच्या तरंगलांबीच्या पट्ट्यांवर असतात. भट्टीचं तापलेलं दार तिन्हींत दिसतं, आग मात्र मुख्य पट्टीत उठून दिसते आणि लवलवते. या तुलनेतून उत्तर एकच निघतं. काच एक, केबल एक. काचेवर तेलाचा थर बसला की तिन्ही सेन्सर एकदम निकामी.

‘तीनपैकी दोन’ मतदानात तीन स्वतंत्र डिटेक्टर लागतात. एकाने आग सांगितली तर अलार्म, दोघांनी सांगितली तरच आग विझवणारा कार्बन डायऑक्साइड सोडायचा. हा वायू आत सापडलेल्या माणसाचा जीव घेतो, त्यामुळे एकाच डिटेक्टरच्या भरवशावर तो सोडू नये.

गफलत होते ती मांडणीत. तिघांची तोंडं तीन कोपऱ्यांकडे केली, तर कोपऱ्यातली आग एकालाच दिसते आणि मतं मोजणारं कंट्रोल पॅनेल दुसऱ्या मताची वाट बघत बसतं. टाकीचा प्रत्येक भाग तिघांनाही दिसायला हवा. दोघांनाच दिसत असेल, तर त्यातला एक बिघडला की मत पुरं होत नाही. तिसरा लांब बसवूनही भागत नाही, कारण अंतर दुप्पट झालं की आग साधारण चौपट मोठी झाल्यावरच दिसते. तिन्ही एकाच खांबावर असतील तर क्रेनला टांगलेला एक जॉब तिघांनाही झाकतो. एकाच फ्यूजवर असतील तर तिन्ही एकदम बंद.

फॉल्टमधल्या, म्हणजे बिघडलेल्या, डिटेक्टरचं मत काय धरायचं, हेही पॅनेलच्या लॉजिकमध्ये आधीच ठरवा. ‘नाही’ धरलं तर उरलेल्या दोघांचंही ‘हो’ लागतं. त्यातला आणखी एक गेला की वायू आपोआप सुटणारच नाही.

सील्ड क्वेंच भट्टीच्या दाराशी पेटणाऱ्या गॅसच्या पडद्याचा प्रश्न मात्र मतदानाने सुटत नाही. ती खरीच ज्वाळा आहे, तिन्ही मतं पडणार. तिथे डिटेक्टरची दिशा बदला किंवा मध्ये पत्र्याचा आडोसा लावा, आणि आडोशामुळे टाकीचा कुठला भाग झाकला जात नाही ना, ते टेस्ट लॅम्प (ज्वाळेची नक्कल करणारा दिवा) लावून तपासा.