चुकीच्या उत्तराचं काय करायचं? सॉक्रेटिसपासून ‘प्लेटो’ संगणकापर्यंत

१९६०च्या दशकात अमेरिकेत शिकवणारे संगणक तयार होऊ लागले आणि त्यांची नावं थेट अथेन्समधून आली. इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ होता. त्याच विद्यापीठात लॉरेन्स स्टोलुरो यांनी ‘सॉक्रेटिस’ नावाची प्रणाली उभारली होती. मॅसॅच्युसेट्समधल्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन (बीबीएन) या कंपनीत जॉन स्वेट्स आणि वॉलेस फॉयरझाइग ‘सॉक्रॅटिक सिस्टिम’वर काम करत होते. थोर नाव द्यायची हौस यामागे होतीच. पण शिकणारा चुकला तर शिकवणाऱ्याने काय करावं, हा ग्रीकांचा जुना प्रश्नही या यंत्रांच्या पोटात होता. या क्षेत्राची पहिली वीसेक वर्षं मला त्या प्रश्नाच्या अंगाने वाचावीशी वाटतात.

त्यासाठी आधी प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादाकडे जायला हवं. त्यात सॉक्रेटिस त्याच्याशी चर्चा करणाऱ्या मेनोच्या घरच्या एका गुलाम मुलाला बोलावतो आणि आकृती काढून विचारतो : २ फूट बाजूच्या चौरसाचं क्षेत्रफळ ४ चौरस फूट, मग ८ चौरस फुटांचा चौरस हवा असेल तर बाजू किती घ्यावी? मुलगा बेधडक सांगतो, दुप्पट, म्हणजे ४. सॉक्रेटिस ‘चूक’ म्हणत नाही, त्याच्याकडूनच मोजून घेतो. क्षेत्रफळ येतं १६. मुलगा मग ३ वर येतो, तर येतात ९. शेवटी तो कबूल करतो की आपल्याला हे ठाऊक नाही. सॉक्रेटिस मेनोकडे वळून सांगतो की हा मुलगा आता आधीपेक्षा बऱ्या अवस्थेत आहे. आपल्याला येत नाही हे त्याला कळलंय, आता तो शोधू लागेल. त्यानंतर प्रश्नांमागून प्रश्न विचारत तो मुलाला कर्णापर्यंत नेतो. मूळ चौरसाच्या कर्णावर काढलेला चौरस बरोबर दुप्पट भरतो.

प्लेटोला यातून आत्म्याला ज्ञान आधीपासूनच असतं, शिकणं म्हणजे आठवणं, असं दाखवायचं होतं. पुढच्या शिक्षकांनी तो सिद्धांत बहुधा सोडून दिला, पण हा प्रसंग सोडला नाही.

‘फीड्रस’ या दुसऱ्या संवादात प्लेटोने लिखित मजकुरावरच आक्षेप घेतला आहे. लिहिलेले शब्द चित्रासारखे जिवंत भासतात, पण त्यांना काही विचारलं तर गप्प राहतात, किंवा प्रत्येकाला तेच ते पुन्हा सांगतात. समोर कोण आहे हे पुस्तकाला कळत नाही. शिकणाऱ्याचं उत्तर पाहून पुढचं पान बदलणारा मजकूर संगणकामुळे शक्य झाला, तेव्हा हा आक्षेप दोन हजारांहून अधिक वर्षं जुना होता.

संगणकाआधी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचं अध्यापनयंत्र आलं, १९५४ मध्ये. त्यांची पद्धत सॉक्रेटिसच्या अगदी उलट होती. विषयाचे इतके बारीक तुकडे पाडायचे की विद्यार्थी जवळजवळ चुकणारच नाही आणि प्रत्येक बरोबर उत्तराला लगेच दाद मिळेल. मेनोच्या प्रसंगावर स्किनर यांनी कडक टीका केली आहे. त्यांच्या मते सॉक्रेटिस उत्तर मुलाच्या तोंडात घालतो, मुलगा फक्त होकार देतो, आणि त्याला एकट्याला तीच सिद्धता मांडायला सांगितली तर जमणार नाही. या टीकेत तथ्य आहे. शेवटच्या भागातले प्रश्न खरोखरच सूचक आहेत. पण सुरुवातीच्या त्या दोन चुका, ज्या मुलाने स्वतः केल्या आणि स्वतःच मोजून खोडल्या, त्यांचं मोल स्किनर यांच्या हिशेबात धरलेलं नाही असं मला वाटतं.

इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये डोनाल्ड बिट्झर या तरुण विद्युत अभियंत्याने आपल्या सहकाऱ्यांसह पहिला ‘प्लेटो’ चालू केला. इलिॲक या निर्वात नळ्यांच्या प्रचंड संगणकाला जोडलेलं एकच टर्मिनल, एका वेळी एकच विद्यार्थी. स्पुटनिक या सोव्हिएत उपग्रहानंतर अमेरिकेत विज्ञानशिक्षणाची जी घाई सुरू झाली होती, त्याच काळातली ही गोष्ट. विद्यार्थ्यापुढच्या कळफलकावरच्या कळा पाहण्याजोग्या आहेत. ‘जज’ दाबलं की उत्तर बरोबर की चूक ते कळे. अडलं तर ‘हेल्प’, आणि मग यंत्र मदतीच्या आडवाटेवर नेई. त्या वाटेवर मध्येच उलगडा झाला तर ‘अहा!’ ही कळ दाबायची, की मूळ प्रश्नावर परत. मुलगा अडेल आणि त्याला अचानक उमगेलही, हे गृहीत धरून केलेली ही रचना मला फार आवडते. मर्यादा एवढीच की आडवाटेवरचा सगळा मजकूर धडा लिहिणाऱ्याने आधीच लिहून ठेवलेला असे. हा विद्यार्थी कोणत्या विचाराने चुकला, हे यंत्राला कळत नसे.

पुढे ‘प्लेटो’ झपाट्याने वाढला. १९६४ मध्ये बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी त्याच्यासाठी प्लाझ्मा पडदा शोधून काढला. १९६७ मध्ये पॉल टेन्झर यांनी शिक्षकांना स्वतः धडे रचता यावेत म्हणून ‘ट्यूटर’ ही भाषा केली. १९७२ पासूनच्या ‘प्लेटो-४’मध्ये नारिंगी अक्षरांचा, बोटाच्या स्पर्शाने चालणारा पडदा होता.

स्टॅनफर्डमध्ये मात्र या कामाची धुरा खऱ्याखुऱ्या तत्त्वज्ञाकडे होती. पॅट्रिक सपीस हे विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. १९६३ पासून रिचर्ड ॲटकिन्सन यांच्याबरोबर ते संगणकाधारित शिक्षणात उतरले आणि शाळकरी मुलांना टेलिटाइपवर (संगणकाला तारेने जोडलेल्या टंकयंत्रावर) अंकगणिताचा सराव देऊ लागले. १९६६ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांनी भाकीत केलं की मॅसिडोनियाच्या फिलिपच्या मुलाला, म्हणजे अलेक्झांडरला, जे राजपुत्र म्हणून लाभलं, म्हणजे ॲरिस्टॉटलसारखा जाणता खाजगी शिक्षक, ते काही वर्षांतच लाखो मुलांना मिळेल. स्वप्न थोर होतं, पण टेलिटाइपवर उमटत होती बेरीज-वजाबाकीची उदाहरणं. सपीस यांचं यंत्र मुलाच्या मागच्या कामगिरीवरून पुढची काठिण्यपातळी ठरवी. किती चुका झाल्या हे त्यात मोजलं जाई, त्या का झाल्या हा प्रश्न बाहेरच राही.

या ‘का’कडे वळण्याचं काम मुख्यतः बीबीएनमध्ये झालं. १९७० मध्ये हायमे कार्बोनेल यांनी ‘स्कॉलर’ ही प्रणाली मांडली. दक्षिण अमेरिकेच्या भूगोलावर ती विद्यार्थ्याला प्रश्न विचारी आणि विद्यार्थीही तिला उलट प्रश्न विचारू शके. गप्प राहणाऱ्या मजकुराबद्दलच्या ‘फीड्रस’मधल्या तक्रारीला यंत्राने दिलेलं हे पहिलं नेमकं उत्तर म्हणता येईल. नंतर ॲलन कॉलिन्स आणि ॲल्बर्ट स्टीव्हन्स यांनी माणसं सॉक्रेटिसच्या पद्धतीने शिकवतात ते संवाद तपासले, त्यांतून प्रश्न विचारण्याचे नियम काढले आणि जोरदार पावसाची कारणं शिकवणारी ‘व्हाय’ ही प्रणाली उभारली. अडचण लगेच लक्षात आली. पुढचा प्रश्न योग्य पडायचा तर पाऊस कसा पडतो याचं विद्यार्थ्याच्या मनातलं, बरेचदा चुकीचं, चित्र यंत्राला दिसायला हवं.

१९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी मुलांच्या वजाबाकीवर नेमकं हेच करून पाहिलं. ५२ मधून २७ वजा करताना एखादं मूल ३५ लिहितं. हा निष्काळजीपणा नसतो. प्रत्येक स्तंभात मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा असा त्याचा स्वतःचा नियम असतो, आणि तो ते काटेकोरपणे पाळतं. बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळही दुप्पट, हा मेनोच्या घरच्या मुलाचा नियम याच जातीचा. सॉक्रेटिसने तो ओळखला होता, म्हणूनच त्याने आधी १६ मोजायला लावले. ब्राउन आणि बर्टन यांनी अशा चुकीच्या नियमांची सूची केली आणि ‘बगी’ नावाचा संगणक-प्रोग्रॅम लिहिला. त्यात चुकणाऱ्या मुलाची भूमिका संगणकाकडे होती. तो एकामागून एक चुकीची उत्तरं देई आणि त्यांच्यामागचा नियम कोणता, हे समोर बसलेल्या शिक्षकाने नवी उदाहरणं घालून शोधून काढायचं असे.