वांशिक समतेसाठीचा पैसा : अमेरिकेच्या मानसिक आरोग्यसेवेत तो कसा आला आणि कुठे आटला

अमेरिकेत मानसिक आरोग्यसेवेतली वांशिक दरी बुजवण्यासाठी निधी जाहीर झाला की बातमी रकमेची होते. तो किती वर्षांसाठी आहे आणि त्यातून पगार देता येतो का, हे बातमीत सहसा नसतं. साठ वर्षांत चांगल्या योजना रखडल्या त्या बहुधा याच दोन प्रश्नांपाशी.

दरी त्याहून कितीतरी जुनी. १८४०च्या जनगणनेत उत्तरेकडच्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांमध्ये वेडाचं प्रमाण प्रचंड दिसलं आणि गुलामीच्या समर्थकांनी तो आकडा लगेच उचलला. एडवर्ड जार्विस या डॉक्टरने तक्ते तपासले, तर काही गावांत कृष्णवर्णीय माणूस एकही नाही, पण कृष्णवर्णीय वेडे मात्र नोंदलेले! मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावातले असे १३३ जण प्रत्यक्षात सरकारी इस्पितळातले गोरे रुग्ण होते. जार्विसने चूक दाखवून दिली, तरी जनगणना दुरुस्त झाली नाही. पुढे दक्षिणेत इस्पितळंच वेगळी झाली. मेरीलँडमधलं क्राउन्सव्हिल १९११ साली सुरू झालं ते रुग्णांच्याच मजुरीवर. झाडं तोडण्यापासून बांधकामापर्यंतची कामं त्यांनी केली. १९५०च्या दशकात तिथे अडीच हजारांवर माणसं कोंबलेली होती.

न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत १९४६ साली चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक उघडलं. फी पंचवीस सेंट, डॉक्टर बिनपगारी. दहा-बारा वर्षं ते असं चाललं, आणि बिनपगारी माणसांवर याहून फार जास्त चालतही नाही.

खरा सरकारी पैसा आला तो ३१ ऑक्टोबर १९६३च्या कायद्याने. ७५ हजार ते दोन लाख लोकवस्तीमागे एक सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्र, प्रत्येक केंद्रात पाच सेवा : दाखल करून उपचार, बाह्यरुग्ण, दिवसापुरते उपचार, तातडीची सेवा, आणि शाळा-पोलीस वगैरेंना सल्ला व शिक्षण. पहिल्या कायद्यात पैसा फक्त इमारतीला होता. पगाराचं अनुदान १९६५ साली जोडलं, तेही उतरत्या क्रमाने : पहिले पंधरा महिने ७५ टक्के, मग एकेक वर्ष ६०, ४५, ३०, आणि सव्वाचार वर्षांनी शून्य. उरलेलं रुग्णांची फी, विमा आणि राज्य सरकार भरून काढेल असा हिशोब. सुखवस्तू उपनगरात तो जमून गेला. गरीब कृष्णवर्णीय वस्तीत विमा कुणाकडे होता? अनुदान उतरलं की केंद्रं बिल फाडता येईल अशा रुग्णांकडे वळायची, आणि ज्याचं बिलच होत नाही ते वस्तीतलं काम आधी बंद पडायचं. १९७० साली मुदत आठ वर्षं केली, गरीब भागांना टक्केवारीही वाढवून दिली. उतरंड मात्र तशीच राहिली. ठरलेल्या दीड हजारांपैकी निम्म्याच्या आसपासच केंद्रं उभी राहिली.

मार्च १९६९मध्ये न्यूयॉर्कमधल्या साउथ ब्राँक्सच्या लिंकन हॉस्पिटलमधली मानसिक आरोग्यसेवा तिथल्याच कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन कर्मचाऱ्यांनी ताब्यात घेतली. वस्तीतून भरलेली ही माणसं. त्यांना ना बढती, ना निर्णयात वाटा. त्याच वर्षी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या मायामीतल्या अधिवेशनात कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञांनी त्यांच्यातल्याच चेस्टर पिअर्स यांच्या नेतृत्वाखाली आपली वेगळी संघटना काढली आणि मूळ संघटनेच्या विश्वस्तांसमोर थेट मागण्या ठेवल्या. त्या रेट्यातून राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत अल्पसंख्याकांसाठी स्वतंत्र केंद्र झालं, पाठोपाठ अल्पसंख्याक फेलोशिप. माणसं घडवण्यावर खर्च करणारी ही योजना बाकीच्यांपेक्षा जास्त टिकली. तरीही मनोविकारतज्ज्ञांमध्ये कृष्णवर्णीय आज जेमतेम दोन टक्के आहेत. वस्तीत केंद्र उभारलं तरी तिथे बसायला डॉक्टर मिळत नाही.

१९८० साली कार्टर यांच्या कायद्याने वंचित गटांना प्राधान्य दिलं. दुसऱ्याच वर्षी रेगन सरकारने तो गुंडाळला, सगळा पैसा राज्यांना एकगठ्ठा दिला आणि रक्कम सुमारे चतुर्थांशाने कापली. हा एकगठ्ठा निधी, म्हणजे ब्लॉक ग्रँट, आजही संघराज्याच्या मदतीचा कणा आहे. त्यातले १० टक्के सायकोसिसच्या (वास्तवाशी संपर्क तुटणाऱ्या गंभीर मनोविकाराच्या) सुरुवातीच्या उपचारांसाठी आणि ५ टक्के तातडीच्या सेवेसाठी राखीव असतात. वंशाच्या नावाने राखीव काही नाही. ते राज्याच्या मर्जीवर. २०२१च्या कोविड मदतीत या ग्रँटला दीड अब्ज डॉलर मिळाले, तोही मुदतीचाच पैसा.

छोट्या संस्थेला आणखी एक अडचण येते. अनुदान बहुधा खर्चाची भरपाई म्हणून मिळतं : आधी पगार द्या, मग बिल पाठवा. दोन महिन्यांचे पगार हाताशी नसतील तर मंजूर झालेला पैसाही उपयोगाचा नाही. शिवाय हिशेबनीस, भाडं, ऑडिट हे वरखर्च. ज्यांनी वाटाघाटी करून वेगळा दर ठरवून घेतलेला नाही, त्यांना संघराज्याच्या अनुदानात त्यासाठी १० टक्के मिळत. ऑक्टोबर २०२४पासून १५ झाले. मोठ्या विद्यापीठांचे ठरलेले दर याच्या कितीतरी वर असतात.

यावरचा त्यातल्या त्यात पक्का उपाय २०१४च्या कायद्यातून आला : प्रमाणित सामुदायिक केंद्रांना मेडिकेडमधून, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यातून, खऱ्या खर्चावर आधारित, आधीच ठरवलेला दर. वस्तीत फिरून माणसं जोडण्याचा खर्चही त्यात धरता येतो, आणि अनुदानासारखा दर काही वर्षांनी पैशासाठी नव्याने अर्ज करावा लागत नाही.

राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या २० जानेवारी २०२५च्या आदेशाने समतेच्या नावाची संघराज्याची अनुदानं बंद करायला सांगितलं. मेडिकेडच्या दरावर समतेचा शिक्का नसतो, म्हणून तो थेट या कात्रीत सापडत नाही. पण जुलै २०२५च्या कायद्याने मेडिकेडलाच हात घातला : २०१०च्या कायद्याने मेडिकेडचा विस्तार झाला तेव्हा त्यात आलेल्या प्रौढांना महिन्याला ८० तास कामाची अट, जी राज्यांनी १ जानेवारी २०२७पर्यंत लावायची आहे. गंभीर मनोविकार असलेल्यांना तीतून सूट आहे. मात्र ज्याच्या वस्तीत डॉक्टरच नाही, त्याच्या आजाराची कुठे नोंद नसते, आणि ती नसेल तर तो सूट मागणार कशाच्या बळावर?